कोरड्या गावाचा सूर

बसमधल्या त्या आजी किंचाळल्या नसत्या, तर ह्वायशानने माझ्याकडे पाहिलंही नसतं.

चूक माझीच. सुचौहून अजगराचं कातडं घेऊन मी घरी परतत होते. वर्तमानपत्रात गुंडाळून वर सुतळी बांधली होती, पण दिवस प्लम पिकायचे. या दिवसांत आमच्याकडे महिनाभर नुसती झिमझिम असते — धड पडत नाही, धड थांबत नाही. भिंतींना घाम सुटतो, कपाटातल्या बुटांवर बुरशी चढते, आणि माणसांची तोंडंही तशीच होतात. त्या ओलीने कागद फाटला आणि शेपटीकडचं टोक बाहेर आलं. आलं ते नेमकं शेजारच्या आजींच्या मांडीवर.

आजी ओरडल्या, ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला, आणि अख्खी बस माझ्याकडे बघायला लागली.

"घाबरू नका आजी," मागच्या सीटवरून कुणीतरी शांतपणे म्हणालं. "तो कधीच मेलाय. आता फक्त गाणार आहे."

मी वळून पाहिलं. निथळते केस, बारीक चेहरा. स्वतःचा सदरा ओलाचिंब, आणि मांडीवर एक लांबट काळी पेटी. तिला मात्र रेनकोट घातलेला, वरपर्यंत बटणं लावून.

"गाणार आहे हे तुम्हाला काय माहीत?" मी विचारलं.

"खवल्यांवरून. एवढे मोठे, एकसारखे खवले चपलांसाठी कोण वाया घालवेल?"

मला उत्तर सुचलं नाही. आमच्या गल्लीत कुणालाही विचारा, ब्येन यिंगझूला उत्तर सुचलं नाही असा दिवस क्वचितच उगवतो.

कालव्याजवळच्या थांब्यावर मी उतरले, तर तोही उतरला. मी पूल ओलांडला, त्यानेही ओलांडला. तिसऱ्या वळणावर मी थांबले.

"माझ्या मागे का येताय?"

"मी रस्त्याने चाललोय. तुम्ही पुढे आहात, त्याला मी काय करू?"

"मग पुढे व्हा."

तो मुकाट पुढे झाला. दहा पावलांवर रस्त्याला दोन फाटे फुटत होते. तिथे तो उभा राहिला, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि अगदी बिचाऱ्या चेहऱ्याने मागे वळला. "आता मात्र मागे यावं लागेल. ब्येन शिफूंची कार्यशाळा कुठे आहे? उस्ताद म्हणे महाखडूस आहेत, पण अरहू वाद्यावर कातडं ताणावं तर त्यांनीच."

"खडूस तर आहेतच," मी म्हटलं. "चला, दाखवते. माझे वडील आहेत ते."

त्याचे कान असे लाल झाले की पावसातही दिसले. मला हसू आवरेना. त्या ओल्या, करड्या महिन्यात मी पहिल्यांदाच हसत होते.

बाबांनी पेटी उघडली. आत जुनं, काळपट शिसवी अरहू होतं. लांब दांडा, दोन तारा, त्यांतून ओवलेला वाजवायचा गज, खाली मुठीएवढा सहा कोनी लाकडी डबा, आणि त्याच्या तोंडावर ताणलेलं कातडं. ते आता राखाडी पडलं होतं, मध्ये खचलं होतं, कडेला विरलं होतं.

"थांगांचं अरहू," बाबा म्हणाले. हे वाद्य त्यांनी बघताक्षणी ओळखलं, कारण आमच्या भागातल्या नाटक मंडळीत थांग आजोबांनी चाळीस वर्षं पहिल्या खुर्चीवर बसून ते वाजवलं होतं. त्यांच्या आधी त्यांच्या वडिलांनी. बसमधला हा ह्वायशान त्यांचा नातू. मधल्या पिढीने, म्हणजे त्याच्या वडिलांनी, वाद्य सोडून ट्रक धरला आणि आजोबांनी त्यांच्याशी बोलणं सोडलं.

थांगांच्या घरात एक रीत होती. कातडं पिढीत एकदाच बदलायचं, वाद्य एका हातातून दुसऱ्या हातात जाताना. नवा माणूस जुन्या माणसासमोर वाजवणार, जुना 'घे, तुझं झालं' म्हणणार, आणि जुनं कातडं जुन्या माणसाबरोबर जाणार... जिथे शेवटी सगळेच जातात तिथे. आणि ज्याच्या हातात कातडं फाटलं, त्याची पाळी तिथेच संपली. पुन्हा त्याने त्या वाद्याला हात लावायचा नाही.

"प्लमच्या दिवसांत मी कातडं ताणत नाही," बाबा म्हणाले. "ओल्या हवेत अंदाज चुकतो. आश्विनात या."

"आजोबांना आश्विन दिसेल असं डॉक्टर म्हणत नाहीत," ह्वायशान म्हणाला.

छपरावरून पाणी ठिबकत होतं. बाबांनी पेटीचं झाकण हळूच लावलं.

"झू, शेगडी पेटव," ते मला म्हणाले.

काम मीच करणार होते. गेली दोन वर्षं बाबांचे हात थरथरत होते. कातडं भिजवायचं, काठ शिवून दोऱ्यांनी खाली ओढायचं, खाली लाकडी पाचरी ठोकत ठोकत रोज थोडं थोडं ताणायचं, आणि अंगठ्याने दाबून बघायचं, हे सगळं मी करत असे. बाबा शेवटी शिक्का मारत. गावात हे कुणालाही माहीत नव्हतं.

ह्वायशानला दुसऱ्याच दिवशी कळलं. नुसतं बघायला म्हणून तो आला, शेगडीजवळच्या स्टुलावर बसला, आणि माझा हातोडा चार वेळा पाचरीवर पडताना बघितला.

"म्हणजे खडूस शिफू बाहेर बसलेत," तो म्हणाला, "आणि खरे शिफू इथे आहेत."

"बाहेर बोललात तर हाच हातोडा डोक्यात घालीन."

"नाही बोलणार, छोट्या शिफू."

तेव्हापासून मी छोट्या शिफू झाले. तो रोज दुपारी येई. कधी टोपलीभर यांगमेइची लालभडक फळं आणी, आणि आम्ही दोघं बोटं रंगेपर्यंत खात बसू. मग मी त्याला हात धुवायला पिटाळी, कारण त्या बोटांनी तो दुकानातली अरहू वाजवायला घेई. तो वाजवत असला की मी मुद्दाम पाचर हळू ठोकत असे. काम त्यामुळे लांबत होतं, हे मला कळत होतं.

"हा गज असा दोन तारांच्या मध्ये अडकलेला," एकदा मी विचारलं. "कधी बाहेर निघतच नाही. वैताग नाही येत?"

"कुणाला, मला?"

"गजाला."

"त्याने अजून तक्रार केलेली नाही..." तो म्हणाला आणि माझ्याकडे बघत राहिला. मी खाली बघून शेगडीतले निखारे उगाच सारखे केले.

मी प्रेमात पडले होते. सरळ सांगते, त्यात लपवण्यासारखं काही नाही. त्याच्या घरात एक माणूस रोज थोडा थोडा विझत होता, आणि मी त्याच माणसाच्या वाद्यापाशी बसून दुपारची वाट बघत होते. याची लाजही वाटायची.

पाचव्या दिवशी त्याने यांगमेइची टोपली खाली ठेवली, पण फळांना हात लावला नाही. म्हणाला, "सप्टेंबरपासून मला लानचौच्या वाद्यवृंदात घेतलंय. पहिल्या रांगेत."

माझा हातोडा हवेतच राहिला. "लानचौ म्हणजे... ते पार वाळवंटाकडचं?"

"हो. पाऊस वर्षातून दोन-चारदा येतो म्हणे. तोही आधी विचारून."

मी हसले नाही. "हे पहिल्या दिवशी सांगायला काय झालं होतं?"

"का?"

"का म्हणजे?" मी हातोडा खाली ठेवला. "तुम्ही थांगांचे ना? कातडं ओल्या हवेत सैल पडतं, कोरड्या हवेत आवळतं. इथल्यासाठी ताणलं तर तुमचे आजोबा खणखणीत ऐकतील, पण लानचौत पहिल्या हिवाळ्यात ते फाटेल. तिथल्यासाठी सैल ठेवलं तर तिथे वर्षानुवर्षं गाईल, पण इथे, या पावसात, घसा बसल्यासारखं वाजेल. आजोबांना तेवढंच ऐकायला मिळेल. दोन्हीकडचं एकच कातडं नसतं."

तो स्टुलावरून उठला, खिडकीशी गेला. बाहेर कालव्यावर एक रेतीची होडी रेंगाळत चालली होती.

"आज ठरवावं लागेल," मी म्हटलं. "उद्या कातडं वाळायला लागेल. मग देवही ते बदलू शकत नाही. सांगा, कुठलं ताणू?"

तो वळला. मला वाटलं काहीतरी बोलणार. ओठ हललेही. पण मग म्हणाला, "तुम्ही ठरवा."

"मी?"

"तुम्ही ताणाल ते मला चालेल, छोट्या शिफू."

आणि छत्री घेऊन निघून गेला. यांगमेइची टोपली तशीच राहिली.

त्या संध्याकाळी मी त्या कातड्यासमोर बसले आणि स्वतःशीच खोटं बोलायला सुरुवात केली. म्हटलं, म्हातारा मरणाच्या दारात आहे, त्याची शेवटची इच्छा आहे, इथल्यासाठी ताणणं हेच पुण्याचं काम. नातवाने तिकडे दुसरं वाद्य घ्यावं. पण हे वाद्य सोडून तो जाणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी चार पाचरी जास्त ठोकल्या. आता तो राहणार होता. दुपारी येणार होता. पुढच्या वर्षीही यांगमेइ आणणार होता.

बाबा दारात येऊन उभे राहिले. "कुठलं ताणतेयस?"

"तुम्ही सांगा."

"हात तुझे आहेत," बाबा म्हणाले आणि आत गेले.

मी अंगठा कातड्यावर ठेवला. तो राहिला असता, पण माझ्यामुळे राहिला असता आणि त्याला ते कधी कळलंही नसतं. आणि नाहीच राहिला, वाद्य घेऊन गेला, तर एका थंडीच्या सकाळी ते त्याच्या मांडीवर फाटलं असतं. तीन पिढ्यांचं वाजवणं माझ्या चार पाचरींनी संपलं असतं. मी चार पाचरी काढून टाकल्या. कातडं अंगठ्याखाली मऊ पडलं. मग मी खूप रडले, आणि यांगमेइची उरलेली सगळी फळं एकटीने खाल्ली.

कातडं वाळायला सहा दिवस लागले. सातव्या दिवशी मी आणि बाबा वाद्य घेऊन थांगांच्या घरी गेलो. आजोबा खिडकीपाशी उशांना टेकून होते, श्वास घेताना छातीत घरघर होत होती. ह्वायशानने वाद्य हातात घेतलं, कातड्यावर अंगठा दाबला, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. त्याने माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग बसून वाजवायला लागला.

सूर सगळे बरोबर होते. हात तर असा चालत होता की माझ्या अंगावर काटा आला. पण आवाज... ओल्या गोधडीखालून यावा तसा. बंद, दबलेला, उदास. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

वाजवून झालं. आजोबांनी हात पुढे केला. वाद्य मांडीवर घेऊन त्यांनी हाडकुळा अंगठा कातड्यावर ठेवला.

"ब्येन," ते बाबांना म्हणाले, "तुझा अंगठा मी चाळीस वर्षं ओळखतो. हा तुझा नाही."

"मी ताणलं, आजोबा," मी म्हटलं.

"जवळ ये पोरी." त्यांनी मला नीट बघून घेतलं. "हे कातडं इथलं नाही."

"नाही."

"म्हणजे तू याला पाठवतेयस."

मी 'हो' म्हणून मान हलवली. ह्वायशान हातात गज धरून खिडकीबाहेर बघत होता.

"तुम्हाला नीट ऐकायला मिळालं नाही," मी कशीबशी म्हणाले. "माफ करा."

"कोण म्हणतं? कोरड्या हवेत हे कसं वाजेल ते मी आत ऐकलं." त्यांनी छातीवर टिचकी मारली आणि खोकले. मग वाद्य नातवाकडे सरकवलं. "घे. तुझं झालं."

अकरा दिवसांनी ते गेले. जुनं कातडं त्यांच्या हाताखाली ठेवलं होतं. ट्रकवाले वडील आले होते, सगळ्यांच्या मागे उभे होते. त्या दिवशीही झिमझिम चालूच होती.

ऑगस्ट संपता संपता ह्वायशान निघाला. त्याच बस थांब्यावर मी सोडायला गेले. तो आजोबा गेल्यापासून माझ्याशी फार अदबीने बोलत होता, आणि मला त्या अदबीचा राग येत होता.

"शेगडीजवळ ठेवू नका," मी म्हटलं. "रोज वाजवा. नवं कातडं वाजवून वाजवून मोकळं करावं लागतं."

"बरं. अजून काही?"

"प्रवासात तारा उतरवून ठेवा."

"अजून काही, छोट्या शिफू?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की," मी म्हटलं. बस आली. तो चढला, खिडकीशी बसला, पेटी मांडीवर घेतली. आज ऊन होतं, तरी पेटीला रेनकोट घातलेला होता. मी घरी आले आणि बाबांशी दोन दिवस नीट बोलले नाही.

नोव्हेंबरात फोन आला. दुपारची वेळ, बाहेर थंडीतला पाऊस, समोर अर्धवट ताणलेलं एक अरहू. तोपर्यंत मी त्याच्या फोनची आशा सोडली होती, असं मी सगळ्यांना सांगत होते.

"आज खुललं," तो म्हणाला. कशी आहेस नाही, कशा आहात नाही. "सकाळी एकदम खुललं. सगळे मागे वळून बघायला लागले."

"मी सांगितलं होतं."

"हो." तो थांबला. तिकडे कुणीतरी दार लावलं. "एक विचारू? माझं मन मोडायचंच होतं तर तोंडाने सांगायचंत. आजोबांसमोर कशाला?"

"मन मोडायचं? मी?"

"तिथल्यासाठी ताणलंत. म्हणजे जा म्हणालात."

"तुमच्या हातात फाटू नये म्हणून ताणलं," मी म्हटलं. "तुमची पाळी संपू नये म्हणून. चार पाचरी ठोकल्या होत्या, त्या काढल्या. कशा काढल्या ते माझं मला माहीत."

तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मी तुमच्यावर सोडलं होतं," तो हळू म्हणाला. "इथल्यासाठी ताणलं असतंत तर मी राहणार होतो. लानचौला नाही म्हणायचं पत्र लिहून खिशात ठेवलं होतं. विचारलं असतं तर तुम्ही भिडेपोटी हो म्हटलं असतंत... किंवा हसण्यावारी नेलं असतंत. म्हटलं, हात खोटं बोलणार नाहीत. त्या दिवशी कातड्यावर अंगठा ठेवला आणि उत्तर मिळालं."

माझं डोकं फिरलं. "आणि हे तू मला आत्ता सांगतोयस? तोंड नव्हतं का तुला?"

बोलून गेल्यावर लक्षात आलं, मी त्याला 'तू' म्हटलं होतं. त्याच्याही लक्षात आलं असावं, कारण तो हसला. हसता हसता त्याचा आवाज ओला झाला.

"तुला तरी होतं का, झू?"

नव्हतं. दोघांनाही नव्हतं. आम्ही दोघं अंगठ्याने बोलणारी माणसं, आणि अंगठ्याला जे कळलं ते दोघांनी उलटं वाचलं.

"दोन वर्षांचा करार झालाय," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"यांगमेइच्या दिवसांत पंधरा दिवस सुट्टी मिळेल."

"तेव्हा अरहू आणू नकोस. घसा बसेल त्याचा."

"मग येऊन वाजवू काय?"

"काही वाजवू नकोस," मी म्हटलं. "येऊन बोल."

तो हो म्हणाला. पंधरा दिवस म्हणजे किती थोडे, आणि दोन वर्षं म्हणजे किती, ते आम्हा दोघांनाही मोजता येत होतं. कुणी मोजलं नाही.

"आता वाजव," मी म्हटलं. "मी ताणलेला आवाज मी अजून ऐकलेला नाही."

त्याने फोन कुठेतरी ठेवला. मी माझा फोन समोरच्या अर्धवट अरहूच्या कातड्यावर पालथा ठेवला, म्हणजे आवाज जरा मोठा येतो. आणि मग तो आला. स्वच्छ, मोकळा, कोरड्या उन्हातला. इतका मोकळा की आमच्या ओल्या भिंतींना तो परका वाटला असेल. मी तोंडावर हात दाबून ऐकत राहिले.

बाबा बाहेरच्या खोलीतून उठून आले. थरथरता हात चौकटीवर ठेवून शेवटपर्यंत उभे राहिले.

"चांगलं ताणलंस," ते म्हणाले. "पण इथलं नाही हे."

"नाही बाबा," मी म्हटलं. "इथलं नाही."